लम्पी की लाळ्या-खुरकूत? फिरत्या कळपाला आधी कोणती लस

२०२२ च्या पावसाळ्यात लम्पीने (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या आजाराने) अशी धडकी भरवली की आजही लसीचा विषय निघाला की गाईवाला आधी तेच विचारतो, "लम्पीची आलीय का?" तोंडात आणि खुरांत फोड आणणाऱ्या लाळ्या-खुरकुतीची लस मात्र "पुढच्या खेपेला बघू" म्हणत राहून जाते. वर्ध्यातल्या आर्वी-कारंज्याकडे गवळाऊ जातीच्या गाई राखणारे नंद गवळी असोत, की खानदेश-विदर्भात गीर गाई घेऊन फिरणारे काठेवाडी, कळप चालता असेल तर हा क्रम उलटा हवा, असं माझं मत आहे.

पसरण्यातच मोठा फरक आहे. लम्पी मुख्यतः डास, चावऱ्या माशा आणि गोचिडांमुळे पसरतो. म्हणून त्याचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर. शंभरातल्या साधारण दहा ते पंचेचाळीस गुरांना तो धरतो, एक ते पाच दगावतात, वासरांत जास्त. खुरकूत लाळेतून, श्वासातून, एकाच डोहावरच्या पाण्यातून, राखणाऱ्याच्या चपलेतूनही जाते, आणि लक्षणं दिसायच्या आधीच जनावर विषाणू सोडू लागतं. चार कळप एका पाणवठ्यावर येतात तिथे ती कोणाला सोडत नाही. शेळ्या-मेंढ्यांत ती इतकी सौम्य असते की शेजारच्या वाड्यावरून कधी आली हे कळतही नाही. लम्पी शेळ्या-मेंढ्यांना होत नाही, म्हशींनाही क्वचितच. त्यामुळे म्हशी राखणाऱ्या गवळी-धनगरांनी तर खुरकुतीची लस आधी घ्यायला फार विचार करायलाच नको.

आता पैशाचं. लम्पीत नुकसान डोळ्यांना दिसतं: अंगभर गाठी, सुजलेले पाय, मेलेली गाय. २०२२ मध्ये सरकारने दुभत्या गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजारांपर्यंत मदत दिली. पण त्यासाठी पंचनामा लागतो. दुसऱ्याच तालुक्याच्या शिवारात, कानात बिल्ला नसलेली गाय मेली, तर तो पंचनामा करून घेणं किती अवघड, हे फिरस्त्यालाच विचारा.

खुरकुतीत मोठं जनावर सहसा मरत नाही, म्हणून तिचा हिशेबच कोणी मांडत नाही. समजा, वीस गाईंतल्या आठ दुभत्या आहेत, प्रत्येकी तीन लिटर देणाऱ्या. महिनाभर दूध निम्म्यावर आलं तर ३६० लिटर गेलं. ३५ रुपयांनी १२ हजार ६०० रुपये. त्यात एखाद-दुसरं वासरू अचानक कोसळतं (विषाणू काळजावर जातो), गाभण गाई गाभडतात, आणि बरी झालेली गायसुद्धा पुढे उन्हात धापा टाकते. जिभेचं कातडं सोललेलं, खुरांच्या बेचक्यात फोड, त्यात अळ्या. अशा गाईला दहा किलोमीटर चालवणार कशी? वैरण संपली तरी कळप जागचा हलत नाही, मग विकतचा चारा. लम्पीत चार-पाच गुरं मागे ठेवून बाकीची पुढे नेता येतील असं वाटतं, पण तसं करू नये. बाधित कळप हलवला की आजार पुढच्या गावात पोचतो. २०२२ ला गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली ती त्यामुळेच.

लसींचं पाहू. लम्पीसाठी वापरली जाणारी शेळ्यांच्या देवी रोगावरची लस वर्षातून एकदा पुरते. संरक्षण मिळायला तीनेक आठवडे लागतात. खुरकुतीची लस दर सहा महिन्यांनी, आणि पहिल्यांदाच टोचत असाल तर महिन्याने पुन्हा. एक-दोन दिवस दूध थोडं घटतं, म्हणून बरेच जण टाळतात. सरकारी मोहिमेत पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो विखुरलेली गुरं एका जागी गोळा करण्यात.

अपवाद आहे. आसपासच्या गावात लम्पी निघाला असेल किंवा पाऊस तोंडावर असून वर्षभरात लस झालेली नसेल, तर लम्पीची आधी; निरोगी गुरांनाच. एरवी दिवाळीनंतर कळप बाहेर काढण्यापूर्वी खुरकुतीची, आणि मे महिन्यात लम्पीची. दोन्हींत पंधरा ते एकवीस दिवस अंतर ठेवा. वासरू चार महिन्यांचं झालं की त्यालाही रांगेत घ्या. खुरकुतीच्या महिन्यानंतरच्या दुसऱ्या टोचणीला कळप कुठल्या मुक्कामी असेल हे निघतानाच ठरवा, आणि तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बिल्ल्यांचे नंबर आधीच कळवून ठेवा.