हनुवटीवरचे केस: उटणं, पुदिन्याचा चहा, वैद्यांचं औषध की सरळ लेझर?

आधी एक काम करा, भर दुपारी खिडकीपाशी आरसा घेऊन बसा आणि नीट बघा की तुमच्या चेहऱ्यावर आहे ती मऊ भुरकट लव आहे की काळे राठ केस. कारण सगळा निर्णय इथेच होतो आणि मी नेमकं हेच न बघता दोन वर्षं डाळीच्या पिठात घालवली.

लव असेल तर उटणं चालून जातं. मसूर डाळीचं पीठ, चिमूटभर हळद, थोडी साय, अर्धवट सुकलं की हलक्या हातानं उलट्या दिशेनं चोळून काढायचं. त्यात थोडी लव ओढली जाऊन निघते, बास, एवढंच त्याचं काम, मुळापर्यंत काही पोचत नाही. आमच्याकडे बाळाच्या अंगावरून कणकेचा तेलात मळलेला गोळा फिरवतात ना, आणि मग लव गेली म्हणून आजी खूश. खरं तर ती लव जन्मानंतर काही आठवडे-महिन्यांत आपोआपच गळते, नाव मात्र गोळ्याचं होतं 😄

राठ केसांवर उटणं म्हणजे नुसती घासाघासी. माझी हनुवटी लाल झाली, बारीक पुरळ आलं आणि त्याचे काळपट डाग केसांपेक्षा जास्त दिसायला लागले. लिंबू-साखर गरम करून लावणं म्हणजे घरगुती वॅक्सच, पण कच्चं लिंबू लावून उन्हात गेलात तर डाग पडू शकतात. तुरटी-गुलाबपाण्यानं मला तरी काडीचा फरक पडला नाही.

आता पोटात घ्यायचं. राठ केस हनुवटी, गळा, ओठांवर यायला लागले आणि पाळी पण मागेपुढे होत असेल तर बहुतेक वेळा मागे पीसीओएस असतो, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोनचा बिघाड, त्यात पुरुषी हार्मोन जास्त. इथे पुदिन्याच्या चहाला थोडा तरी आधार आहे. 2010 साली छापून आलेल्या एका अभ्यासात पीसीओएसच्या 42 बायकांपैकी निम्म्यांना रोज दोनदा स्पिअरमिंटचा, म्हणजे एका जातीच्या पुदिन्याचा, चहा 30 दिवस दिला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तोच पुरुषी हार्मोन, कमी झालं, बायकांना स्वतःला बरं वाटलं, पण तपासणाऱ्यांनी केस किती वाढलेत याचे मार्क मोजले तेव्हा खास फरक नव्हता. साहजिक आहे, केसाचं चक्र महिन्यांचं, 30 दिवसांत काय दिसणार. पण म्हणून सहा महिन्यांत नक्की दिसेल असंही कुणी सांगू नये. आवडत असेल तर प्या, गरोदर असाल किंवा चान्स घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ज्येष्ठमधाचं पण असंच. अवघ्या 9 निरोगी बायकांवरच्या अभ्यासात रोज 3.5 ग्रॅम घेऊन टेस्टोस्टेरॉन उतरलं. पण ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी चालू असेल तर या वाटेला जाऊच नका.

वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण पाळी आणि वजन धरून उपचार करणाऱ्याकडे. चरकसंहितेत आठ निंदित शरीरांमध्ये 'अतिलोमा' आहे, सुश्रुतात केस काढायला शंखाचं चूर्ण आणि हरताळ आहे, म्हणजे हा विषय जुनाच. पण हरताळ म्हणजे आर्सेनिक हो! 'प्राचीन लेप' म्हणून कुणी पुडी दिली तर तोंडाला लावू नका. कांचनार गुग्गुळ, शतावरी पीसीओएसमध्ये देतात, पण फक्त चेहऱ्याच्या केसांसाठी त्यांचा ठोस पुरावा माझ्या वाचनात आला नाही. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरवून पाळी सुधारायची शक्यता बरी असते, केसांवर मात्र परिणाम हळू.

आणि लेझर? काळ्या राठ केसांवर चांगलं चालतं, पांढऱ्यांवर नाही, लवेवर तर करूच नका, कधीकधी उलट केस वाढतात. सावळ्या त्वचेला कुठलं मशीन वापरणार ते आधी विचारा. सहा-आठ सिटिंग, मध्ये महिना-दीड महिना, आणि हार्मोन बिघडलेलेच असतील तर नंतरही अधूनमधून जावं लागतं. तोपर्यंत थ्रेडिंग किंवा रेझर, रेझरनं केस जाड होतात ही निव्वळ अफवा.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, चेहऱ्याला गोरं करणारी क्रीम लावता का? त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं आणि महिनोन्‌महिने लावलं की त्यानंही चेहऱ्यावर केस वाढतात. माझ्या मावसबहिणीनं पुदिना, उटणं सगळं केलं आणि रात्री तीच क्रीम चालू. मात्र लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून कमी करा.

केस दोन-चार महिन्यांत अचानक वाढले, आवाज जड झाला, डोक्यावरचे विरळ व्हायला लागले तर यातलं काहीच करत बसू नका, आधी टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइडची तपासणी, आणि त्या रिपोर्टसकटच वैद्य असो की डॉक्टर, समोर बसा. माझं स्वतःचं सध्या पंधरा दिवसांनी थ्रेडिंग आहे, पुदिन्याचा चहा आवडतो म्हणून पिते, आणि डाळीचं पीठ परत डब्यात गेलंय.