सेलरी घरी लावायची तर: बी की बुडखा, झारी की मडकं?

सूपात दोन दांडे हवेत म्हणून सेलरीची अख्खी जुडी आणायची आणि उरलेली फ्रीजमध्ये लुळी पडताना बघायची, हा अनुभव आता कोकणातल्या घरांतही नवा नाही. दारात लावावी असं मनात असेल तर दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: सुरुवात कशापासून करायची आणि पाणी कसं द्यायचं. दोन्हींत मी पाण्याला जास्त महत्त्व देते, कारण आमच्याकडे गेलेली रोपं बहुतेक पाण्यापायीच गेली.

सेलरी मूळची भूमध्य समुद्राकाठच्या पाणथळ जागांतली. कूळ कोथिंबीर-बडीशेपेचं, पण ओढ न्हाणीमागच्या अळवासारखी ओलीची. मुळं उथळ, बहुतेक वरच्या वीतभर मातीत. दांड्यात सुमारे ९५ टक्के पाणीच. शिवाय १५ ते २१ अंशांचा गारवा तिला मानवतो, आणि रत्नागिरीत जानेवारीतही दुपारी पारा तिशीपर्यंत जातो. त्यामुळे किनाऱ्यावर भरदार दांडे मिळायचे ते हिवाळ्यातच. दापोलीसारख्या उंचावरच्या गावाला गारवा थोडा जास्त लाभतो.

बी मोहरीहूनही कितीतरी बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या वर दाणे. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीत पुरायचं नाही, ओल्या मातीवर भुरभुरून हलकं दाबायचं. कोंब दिसायला दोन ते तीन आठवडे, रोप लावण्याजोगं व्हायला अडीच महिने, पुढे दांडे भरायला आणखी तीन. हा हिशेब मांडला की ऑक्टोबरात बी टाकणारे का फसतात ते कळतं. एक तर त्या उकाड्यात तीस अंशांच्या वर बी रुजायचं थांबतं, आणि रुजलंच तरी दांडे धरेपर्यंत मार्च उजाडतो. मी ऑगस्टच्या मध्यावर पडवीत ट्रे मांडते. पावसामुळे हवा गार असते, उजेड पुरेसा असतो, फक्त पागोळ्यांपासून ट्रे लांब ठेवायचा. बी विरळ टाकायचं, दाट रोपं त्या दमट हवेत बुडाशी सडून आडवी होतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोपं कुंडीत गेली की जानेवारीच्या अखेरीपासून दांडे काढता येतात.

बुडख्याचं काम यामानाने फारच सोपं. जुडीचा खालचा दोन-तीन इंचांचा भाग कापून बशीत इंचभर पाण्यात उभा करायचा आणि पाणी रोज बदलायचं. आठवडाभरात मधून पोपटी पानं निघतात, बुडाला मुळं दिसली की मातीत. पण यातून बाजारासारखे जाड दांडे येत नाहीत. पानं आणि बारीक काड्या येतात, त्याही सूपाला आणि फोडणीच्या भाताला पुष्कळ होतात. पहिल्याच वर्षी लावत असाल तर हेच करा. दांडेच हवे असतील आणि सहा महिन्यांचा धीर असेल तरच बियांच्या वाटेला जा.

आता पाणी. झारीने वरून घालणं सगळ्यांना जमतं, पण सेलरीला रोज सारखी ओल हवी. दोन दिवस कोरडी आणि तिसऱ्या दिवशी भरपूर, असं झालं की दांडे पोकळ आणि चिवट होतात. त्याहून वाईट म्हणजे कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि मधला गाभा काळा पडतो. बारा इंची कुंडीला डिसेंबरात मी रोज लिटरभर घालते, फेब्रुवारीच्या शेवटी तेवढंच सकाळ-संध्याकाळ. घरात कोणीतरी रोज असेल तर झारी चालते. थाळीत पाणी ओतून कुंडीला खालून पिऊ देणं याहून बरं, कारण पानं कोरडी राहतात आणि करपा कमी येतो. मात्र संध्याकाळपर्यंत थाळी रिकामी झालीच पाहिजे. पाणी तसंच राहिलं तर मुळं कुजतात आणि डासांची पैदास होते.

कामाला जाणाऱ्यांसाठी मी मडकंच सांगेन. दोन-तीन लिटरचं, रंग किंवा चकाकी न दिलेलं, भाजलेल्या मातीचं मडकं अर्ध्या कापलेल्या पिंपात गळ्यापर्यंत पुरायचं आणि तोंडावर करवंटी. भोवती चार रोपं. माती सुकली की मडकं आपोआप पाझरतं, ओली असली की पाझर मंदावतो. दोन-तीन दिवसांनी भरलं की झालं. शेजारच्या भांड्यातलं पाणी मातीत ओढणारी सुती दोरीची वातही कामाची, पण ती लहान कुंडीपुरती. मोठ्या कुंडीला ती पुरी पडत नाही.

मडक्याची एक अडचण किनाऱ्यावरच्यांनी आधी बघावी. विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ होत असेल तर क्षाराने मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात, आणि तेच पाणी सेलरीच्या पानांच्या कडा जाळतं. तिथे नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी वापरा, किंवा झारीवरच राहा आणि पीक फेब्रुवारीत आटपा.

नुसत्या जांभ्या मातीत लावायचा विचार असेल तर सोडा. पाणी तिच्यातून भराभर निथळून जातं, शिवाय ती आम्लधर्मी. कुंडीत निम्मं कुजलेलं शेणखत, थोडा कोकोपीट, आणि लावणीच्या पंधरा दिवस आधी चमचाभर चुना मातीत मिसळायचा. वर सुक्या पातेऱ्याचा दोन बोटं थर. दुपारनंतरच्या उन्हाला झापाची सावली केली तर पानं माना टाकत नाहीत. तोडताना बाहेरचे दांडे आधी घ्या आणि गाभा राखा, म्हणजे तेच झाड उन्हं तापेपर्यंत पुन्हा पुन्हा देत राहतं.