तैपेईत विद्यापीठात चिनी शिकताना: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

व्हिसाची कागदपत्रं, आठवड्याला किमान १५ तासांचे वर्ग, चिनी शिकायला तैवान सरकार देतं त्या हुआयू शिष्यवृत्तीत दरमहा भत्ता मिळतो पण शिकवणीची फी आपण भरायची, हे इथे येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते श्रुतलेखनाबद्दल, कारण त्यापायी एका सत्राची पूर्ण फी मी दुसऱ्यांदा भरली आहे.

तोंडी परीक्षा, ऐकणं, वाचन यांत माझे गुण चांगले होते. लेखनात कमी पडले, सरासरी खाली आली आणि पुढच्या वर्गाऐवजी तोच वर्ग पुन्हा करायला सांगितलं. भाषाकेंद्राच्या कार्यालयात जाऊन म्हटलं, फक्त लेखनाची फेरपरीक्षा घ्या, नाहीतर फीत काही सवलत द्या. दोन्हीला नकार. बाई अत्यंत नम्रपणे बोलल्या, नियमाचा कागद दाखवला. पण प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या माहितीत तो नियम कुठेही नव्हता. भत्त्यातून खोलीचं भाडं आणि जेवण भागतं, फी नाही. घरून पैसे मागवावे लागले आणि ते मला फार लागलं.

इथलं श्रुतलेखन म्हणजे लाओशी (शिक्षक) वाक्य म्हणणार, आपण चौकटींच्या वहीत पारंपरिक अक्षरांत लिहायचं. एक टिंब राहिलं तरी अख्खं अक्षर चूक. चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरं आली, तैवानने जुनीच ठेवली. ‘ऐकणे’ या अर्थाचं अक्षर तिकडे ७ रेघांचं, इथे २२. ‘बाजू’ तिकडे ५, इथे १९. तैवानमधल्या नुसत्या ‘वान’ला २५ रेघा लागतात. मग शनिवार-रविवार वही भरण्यात जातो. खिडकीखाली सगळं शहर चिनीत बोलत असतं आणि आपण खोलीत बसून रेघा मोजतो. इतका खर्च करून इथे येण्याचं कारणच त्यात बुडतं.

बाहेर हाताने लिहिण्याची गरज किती पडते? इथली माणसं मोबाइलवर उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या अक्षरांतून हवं ते निवडतात. तैवानच्याच टॉकफल या चिनी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेतल्या श्रवण आणि वाचनाच्या भागात एकही अक्षर हाताने लिहावं लागत नाही. चीनने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या नव्या मापदंडात सर्वांत वरच्या टप्प्यापर्यंत ३००० अक्षरं ओळखता यावीत असं म्हटलंय, पण हाताने लिहायची त्यातली फक्त १२००. ओळखणं वेगळं आणि लिहिणं वेगळं हे तिथे मान्य झालंय. मग एकाच्या उणिवेसाठी दुसऱ्यात पास झालेल्याला का अडकवायचं?

इथवरचं मी सत्र संपलं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तोच वर्ग पुन्हा करताना मात्र मत थोडं बदललं. यावेळी संस्कृतीच्या तासांत मी ब्रशचं सुलेखन घेतलं. तिथे सुरुवात ‘चिरंतन’ या अर्थाच्या ‘योंग’ अक्षराने होते, कारण आठही मूलभूत फटकारे त्या एकाच अक्षरात येतात. काही आठवडे तेच घोटल्यावर अक्षरांची घडण दिसायला लागली: कुठला घटक कुठे बसतो, आधी काय, मग काय. १७१६ च्या कांग्शी या चिनी अक्षरकोशाने ४७ हजारांहून जास्त अक्षरं २१४ मूलघटकांखाली लावली, त्यामागची सोय तेव्हा कळली. रात्रबाजारातल्या खडूने लिहिलेल्या पाट्या मला आता वाचता येतात, आधी येत नव्हत्या. म्हणून पहिल्या दोन पाठ्यपुस्तकांपुरतं हाताने लिहिणं हवंच, असं आता म्हणते. त्यानंतर त्याचे गुण निम्मे करा. फीबद्दलचं मत तेच आहे.

उच्चारांत मराठी माणसाला मोठी आघाडी मिळते, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. इथे पिनयिनबरोबर, म्हणजे रोमन लिपीत उच्चार लिहिण्याच्या पद्धतीबरोबर, चुयिन किंवा बोपोमोफो ही उच्चारचिन्हंही शिकवतात. ३७ चिन्हं, आणि मांडणी आपल्या वर्णमालेसारखी उच्चारस्थानांनुसार. ओठ न चावता म्हटलेला फ आणि प, थ आणि त, ख आणि क यांतला फरक युरोपीय वर्गमित्रांना महिनोन्‌महिने छळतो, आपल्याला तो घरचा. शिवाय ‘चाक’मधला च आणि ‘चिमणी’मधला च हे चिनीत दोन वेगळे वर्ण आहेत. मराठीत दोन्ही आहेत, हिंदीत पहिला नाही, त्यामुळे दिल्लीच्या मैत्रिणीला तो मुद्दाम बसवावा लागला. चीनच्या तांग राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या शोउवन या भिक्षूच्या नावावर ३६ आद्य व्यंजनांची जी मांडणी सांगतात, तिच्यावर संस्कृत ध्वनिविचाराचा प्रभाव होता. सुरांच्या (टोनच्या) चढउतारांना मात्र मराठीचा काही उपयोग नाही, तिथे सगळेच सारखे.

आणि ज्या तासासाठी मी ही फी पुन्हाही भरेन, तो सांगते. मी महाराष्ट्रातली आहे कळल्यावर लाओशींनी ह्युएन त्संगाच्या इ.स. ६४६ च्या प्रवासवृत्तान्तातलं महाराष्ट्राचं पान छापून आणलं. लोक मानी, उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे. लढाईआधी सैनिक आणि हत्ती दोघांनाही मद्य पाजायचे. राजा पुलकेशी हर्षालाही जुमानत नव्हता. शाळेत हे दोन ओळींत वाचलेलं. इथे अभिजात चिनीतल्या त्या मजकुरात राजा, हत्ती, मद्य ही अक्षरं माझी मी ओळखली आणि मला भरून आलं. हत्तीचं अक्षर मी एकाही श्रुतलेखनात लिहिलेलं नव्हतं.

जेवणाची काळजी करू नका, वजनावर पैसे घेणाऱ्या शाकाहारी खानावळी भरपूर आहेत.

फी भरण्याआधी दोन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा: वरच्या वर्गात जायला लेखनाचे किमान गुण किती, आणि वर्ग पुन्हा करावा लागला तर फी किती. पाठ्यपुस्तक सूचनाफलकावरून जुनं घ्या, अर्ध्या किमतीत मिळतं. स्वाध्यायपुस्तिका तेवढी नवी घ्यावी लागते, कारण पानं फाडून जमा करायची असतात.