बुबुळावर रक्तवाहिन्या चढल्यात: चष्मा, नवी लेन्स की उपचार?

डोळा दुखत नाही, नजर स्वच्छ आहे, कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर तपासायला म्हणून गेलात आणि कानावर आलं, "बुबुळाच्या कडेवरून रक्तवाहिन्या आत आल्यात." लेन्स तपासण्याच्या कामात हे वाक्य मला बऱ्याचदा बोलावं लागतं. समोरून प्रश्न ठरलेला, "म्हणजे लेन्स बंद?"

आधी एक घोटाळा मिटवू. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या लाल रेघा सगळ्यांनाच असतात. जागरणाने, धुळीने फुगतात आणि ओसरतात. आपला प्रश्न वेगळा आहे. बुबुळावरचं पारदर्शक आवरण, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आरपार दिसलं असतं कसं? त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. लेन्सने हा पुरवठा तोडला की कडेच्या वाहिन्या पारदर्शक भागात फुटवे सोडतात. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, वरची पापणी उचलली की केसाहून बारीक लाल वळसे दिसतात. वरच्याच बाजूला जास्त, कारण तिथे लेन्सवर पापणीचंही झाकण असतं.

चष्मा हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग, आणि सगळ्यांत नावडता. लेन्स काढली की वाहिन्यांतलं रक्त ओसरतं, पण नळ्या तशाच राहतात. भिंगातून त्या फिक्या दोऱ्यांसारख्या दिसतात. जुनी लेन्स पुन्हा चढवली की त्या नव्याने वाढाव्या लागत नाहीत, नुसत्या भरतात. म्हणून "पंधरा दिवस चष्मा लावतो, मग आहेच" या हिशेबाला माझ्या लेखी अर्थ नाही.

लेन्स सोडवतच नसेल तर सिलिकॉन हायड्रोजेल. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे मटेरियल जुन्या मऊ लेन्सपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू आत सोडतं. लेन्समधून किती प्राणवायू आत जातो हे सांगणारा डीके/टी असा आकडा माहितीपत्रकात असतो. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी 1984 मध्ये दिवसा वापरायला साधारण 24 आणि लेन्स घालून झोपायला 87 ही किमान पातळी सुचवली होती. पण एक मेख आहे. हा आकडा सहसा उणे 3 नंबरच्या लेन्सच्या मध्यभागाचा असतो. तुमचा नंबर उणे 8 असेल तर लेन्सची कड जाड, आणि वाहिन्या नेमक्या कडेलाच उगवतात. सिलिंडर नंबरची लेन्सही काही भागांत जाड असते. आणि मटेरियल चांगलं म्हणून लेन्स घालून झोपायची मुभा मिळत नाही. जंतुसंसर्गाचा धोका त्याने टळत नाही.

कडक लेन्स, म्हणजे आरजीपी, लोक नाव ऐकूनच नाकारतात. खरं तर इथे तिची बाजू भक्कम आहे. कॉर्निया साधारण साडेअकरा मिलिमीटर, मऊ लेन्स चौदाच्या आसपास, म्हणजे कड पूर्ण झाकलेली. कडक लेन्स नऊ-दहाची. कड उघडी राहते आणि प्रत्येक मिचकावणीला खालचे अश्रू बदलतात. डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटणं मात्र काही आठवडे सोसावं लागतं आणि धुळीत ती नको होते. स्क्लेरल लेन्स कडक असली तरी तिला याच पंगतीत बसवू नका: ती पांढऱ्या भागावर टेकते आणि खालचे अश्रू फारसे बदलत नाहीत.

राहिले उपचार. लाली घालवणारे थेंब यात मोजूच नका. ते पांढरा भाग तेवढ्यापुरता फिका करतात. स्टेरॉइडचे थेंब सूज असेल तर उपयोगी, पण त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून मनाने घ्यायचे नाहीत. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचं औषध. ते कोवळ्या, वाढत्या वाहिन्यांवर चालतं, जुन्या पक्क्या वाहिन्यांवर फारसं नाही. जुन्या वाहिन्या लेझरने किंवा सुईच्या डागणीने बंद करतात, तरी त्या पुन्हा उघडू शकतात. लेन्समुळे आलेल्या मिलिमीटरभर फुटव्यांसाठी एवढा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

वाहिन्या खोल थरात असतील, बाहुलीकडे सरकत असतील किंवा त्यांच्यातून पिवळसर चरबी पाझरून डाग पडला असेल, तर मात्र उलटं: लेन्स बदलत बसू नका, कॉर्नियाच्या डॉक्टरांना गाठा. दोन्ही डोळ्यांत सारख्याच लेन्स असून फुटवे एकाच डोळ्यात किंवा एकाच कोपऱ्यात असतील, तर लेन्सवर खापर फोडण्याआधी नागिणीच्या जातीचा संसर्ग, अडकलेला कण, जुनी इजा हे तपासून घ्यायला हवं. पुढेमागे कॉर्निया बदलायची वेळ येऊ शकत असेल तर या वाहिन्या जास्तच महाग पडतात, कारण त्यांच्यामुळे शरीर नवा कॉर्निया नाकारण्याची शक्यता वाढते.

नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन? कडेला वाहिन्या असतील तर कॉर्नियाचा पापुद्रा कापताना रक्त येऊ शकतं. सर्जनला आधीच सांगा.

माझा कौल असा: फुटवे मिलिमीटरच्या आत, उथळ आणि वरच्या कडेला असतील तर रोज बदलायची सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स, आणि घरी आल्यावर चष्मा. दोन मिलिमीटरच्या घरात असतील तर मी चष्माच हातात देते. कडक लेन्सचा विचार वाहिन्या रिकाम्या झाल्यावर. कुठलाही मार्ग घ्या, पण आज फुटवे घड्याळाच्या कितीच्या जागी आणि किती मिलिमीटर आत आहेत हे कागदावर लिहून घ्या, जमल्यास फोटोही. पुढच्या तपासणीत "वाढलंय की तेवढंच आहे" याचं उत्तर त्यावरूनच निघेल.