दीड हजाराचं दान आणि पावतीसाठी सात फोन

पगार चाळीस हजार. त्यातले दोन हजार दर महिन्याला बाजूला काढते. आई दळण निवडताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, तीच सवय. दीड हजार मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेला, पाचशे माझ्या पक्षाला. (कोणता, ते विचारू नका. घरात आधीच भांडणं आहेत.)

संस्थेचं ऑटोपे झकास. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी मेसेज येतो. वसतिगृहही पाहून आले. भाकऱ्या गरम होत्या, मुली मोकळेपणानं बोलल्या. पण कागदपत्रांच्या नावानं बोंब! 80जी ची वजावट (देणगीवर आयकरात मिळणारी सूट) मिळायला संस्थेकडून 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी संस्थेनं 31 मेपर्यंत देणग्यांचं विवरण भरायचं असतं. मला ते जुलैत मिळालं, तेही पॅनचा एक आकडा चुकवून. सात फोन केले तेव्हा दुरुस्त झालं. पक्षाची पावती मात्र दोन दिवसांत मेलवर हजर. 80जीजीसी मध्ये, म्हणजे पक्षाच्या देणगीवरच्या वजावटीत, रोख चालत नाही, ऑनलाइनच द्या.

नव्या कररचनेत असाल तर या दोन्ही वजावटी विसरा. मी अजून जुन्यात आहे.

वसतिगृहाला पाच तारे, संस्थेच्या ऑफिसला दीड. ऑटोपे चालूच ठेवलंय.