दात्याची श्वासनलिका की प्लास्टिकची?

जळगावात टिश्यू कल्चरची केळी शेतोशेती दिसतात, म्हणून रुग्णासाठी नवी श्वासनलिकाही तशीच वाढवता येईल असं वाटतं. पण रुग्णाच्या पेशींना वाढायला आधी सांगाडा हवा: दात्याची नलिका किंवा प्लास्टिकची नळी. मृत दात्याची नलिका घेतली तर तिच्यातल्या पेशी धुऊन काढायला आठवडे लागतात आणि मुळात दाता मिळायला हवा. बार्सिलोनात २००८ साली हे केलं. त्या रुग्णालाही पुढे स्टेंट, म्हणजे श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या नळ्या, लागलेच.

प्लास्टिकची नळी मापात बनते, दाता नको. कागदावर झकास! २०११ मध्ये स्टॉकहोमला सर्जन पाओलो माक्यारिनी यांनी ती बसवली. पण प्लास्टिकमध्ये रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत, कफ वर ढकलणारं केसाळ अस्तर तयार झालं नाही. पहिला रुग्ण २०१४ मध्ये दगावला. माझा कौल दात्याच्या नलिकेला, तोही नाइलाजानं. प्लास्टिकच्या नळ्या बसवल्याबद्दल माक्यारिनींना २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयानं अडीच वर्षांची कैद सुनावली.