डभोईत राहून ईव्ही घ्यायची तर चार्ज कुठे करायची: पंपावर, हॉटेलात की १५ अँपिअरच्या सॉकेटवर?

माझी मावसबहीण बडोद्याहून डभोईला राहायला गेली, इथून ३० किलोमीटरच, आणि आता तिला टियागो ईव्ही घ्यायचीय, २४ किलोवॅट-अवर बॅटरीवाली. घर हिरा भागोळजवळ जुन्या गल्लीत, गाडी दारात लावायला जागाच नाही, म्हणून तिचा सगळा भरवसा बाहेरच्या चार्जिंगवर. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहून तीन वर्षं ईव्ही चालवतोय, तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पंपावरचं डीसी फास्ट, म्हणजे थेट बॅटरीत वीज भरणारं मोठं मशीन, सगळ्यांना आवडतं, बॅटरी १० ते ८० टक्के तासाभरात, तेवढ्यात शेव-उसळ खाऊन होते. ८० नंतर मात्र स्पीड पडतो, तिथे शंभराचा हट्ट धरू नका, मागे कोणीतरी ताटकळत असतं. युनिट मला घरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट पडतं, त्यात १८ टक्के जीएसटी. पण पैशाचं सोडा, छोट्या गावात गन, म्हणजे गाडीला लावायची केबल, बहुतेक एकच असते आणि ती बंद पडली किंवा लाइट गेली की संपलं. एकदा रात्री साडेनऊला मी ९ टक्क्यांवर पोचलो, ॲपमध्ये चालू दिसत होतं, मशीन बंद, फोन कोणी उचलेना, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. तेव्हापासून २५ च्या खाली उतरतच नाही. आणि गन सीसीएस-२ प्रकारची, म्हणजे आपल्या गाडीच्या प्लगची, आहे ना ते आधी बघा, जुन्या १५ किलोवॅटच्या मशीनला जीबीटी नावाच्या दुसऱ्या प्लगची गन असते, ती आपल्या गाडीला लागत नाही.

हॉटेलातलं ७.४ किलोवॅटचं एसी चार्जर बरं, पण तिथे वेग गाडीच्या आत बसवलेला चार्जर ठरवतो. टियागोत ७.२ किलोवॅटचा घेतला तर साडेतीन-पावणेचार तास, ३.३ चा घेतला तर त्याच गनवर नऊ तासांच्या आसपास, म्हणून घेतानाच विचार करा, नंतर हळहळून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी साधा १५ अँपिअरचा पॉइंटच, रात्री लावला की सकाळी फुल. वेगळी एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), चांगली अर्थिंग, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. केवडियाला वगैरे जायचं असेल तेव्हा फास्ट वापरा.

बहिणीने घराजवळ भाड्याने एक शेड बघितलीय, मालक सबमीटर बसवून द्यायला तयार आहे, रविवारी अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला घेऊन मी जातोय.